जीमेल अजून जुन्याच नंबरवर कोड पाठवतंय? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांसाठी उपाय

ही तक्रार वर्षभर असते, पण मे-जूनमध्ये तिला ऊत येतो. प्रवेशाचे फॉर्म सुरू होतात आणि पोरं माझ्या दुकानात येऊन सांगतात, "ईमेल उघडेना झालाय. कोड जुन्या नंबरवर जातोय, आणि तो नंबर तर कधीच बंद पडलाय की." सीमाभागातल्या मराठी पोरांची नोंदणी अनेकदा दोन्हीकडे असते. इकडे कर्नाटकच्या केईएची (परीक्षा प्राधिकरणाची), तिकडे महाराष्ट्राच्या सीईटी सेलची (प्रवेश परीक्षा कक्षाची), कारण वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या उमेदवारांसाठी तिथं वेगळी पात्रता ठेवलेली आहे. पासवर्ड विसरला की पोर्टल ईमेलकडे बोट दाखवतं, ईमेल मोबाइल नंबरकडे बोट दाखवतो, आणि ते सिम कुणाच्या तरी पाकिटात रिचार्जविना मरून पडलेलं असतं.

खाली सगळं जीमेल धरून लिहिलंय, कारण इकडे ईमेल म्हणजे जीमेलच. याहू किंवा आउटलुक वापरणाऱ्यांना मेनू वेगळे दिसतील, दुखणं मात्र तेच.

आधी नंबर कुठं कुठं बसलाय ते बघा

"मी नंबर बदललाय, तरी कोड जुन्यावरच जातोय" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी नंबर एका जागी बदललेला असतो आणि दुसऱ्या जागी तसाच ठेवलेला असतो. गूगल खात्यात नंबर वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या जागी नोंदवलेला असतो. पहिली जागा रिकव्हरी फोनची. पासवर्ड विसरला किंवा गूगलला संशय आला तर हा नंबर वापरला जातो. दुसरी जागा टू-स्टेप व्हेरिफिकेशनमधली. पासवर्ड बरोबर असला तरी नव्या फोनवर लॉगिन करताना कोड इथल्या नंबरवर जातो. तिसरी वैयक्तिक माहितीच्या पानावरची. एका जागचा बदल बाकीच्या जागांना आपोआप लागू होईलच असं धरून चालू नका. तिन्ही पानं उघडून डोळ्यांनी बघा.

आणखी एक गोष्ट लोकांना बुचकळ्यात टाकते. रिकव्हरी नंबर बदलल्यावरही पुढचे सात दिवस गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय दाखवू शकतं. चोराने आत शिरून नंबर बदलला तर खऱ्या मालकाला परत येता यावं, म्हणून ही सोय आहे. तेव्हा आज नंबर बदलून उद्या जुनं सिम फेकू नका, आठवडा जाऊ द्या.

इकडेच हे इतकं का होतं

दूरसंचार खात्याच्या नकाशात बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या कर्नाटक विभागात आहे. शिनोळी, चंदगड, गडहिंग्लज, कागल महाराष्ट्र सर्कलमध्ये, आणि गोवाही महाराष्ट्र सर्कलमध्येच मोडतो. आपल्याकडच्या माणसाचं रोजचं जगणं या रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं आहे. उचगावकडचा माणूस शिनोळीच्या नाहीतर हलकर्णीच्या कारखान्यात जातो, खानापूरचा पोरगा गोव्यातल्या वेर्ण्याला, निपाणीचा कोल्हापूरला. तिकडे गेला की तिकडचं सिम घेतो आणि इकडचं सुकत ठेवतो. "रोमिंग लागतं" ही भीती अजून गेलेली नाही. खरं तर रोमिंगचा वेगळा आकार बंद होऊन वर्षं लोटली, आणि जुलै २०१५ पासून नंबर तोच ठेवून दुसऱ्या सर्कलमध्ये पोर्टही करता येतं. नंबर सोडायची गरजच नसते. पण सिम फुकटात मिळत होतं त्या काळात लागलेली सवय आहे ती.

दुसरी अडचण फौजी घरांची. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात, आणि आसपासच्या गावांत सैन्यातला माणूस नाही असं घर शोधावं लागेल. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. पोस्टिंग तिकडे झाली की इथलं प्रीपेड आपोआप मुकं होतं, आणि नेमकं तेव्हाच नव्या फोनवर ईमेल उघडायची वेळ येते. जाण्याआधी सिम पोस्टपेड करून घ्या किंवा खाली सांगितलेले बॅकअप कोड सोबत न्या. तिथं पोचल्यावर गावाकडच्या भावाला डोंगराएवढे निरोप धाडून काही होत नाही.

तिसरी अडचण सिम कुणाच्या नावावर आहे याची. दहा वर्षांपूर्वी घेतलेलं सिम मामाच्या नावावर असतं, नाहीतर ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो त्या मालकाच्या. डुप्लिकेट सिम नावावरच्या माणसाशिवाय मिळत नाही. संचार साथी या सरकारी पोर्टलवर तुमच्या नावावर किती आणि कोणती कनेक्शनं आहेत ते दिसतं. तिथं एकदा बघून घ्या. जो नंबर वापरता तो त्या यादीत नसेल, तर ईमेलची किल्ली दुसऱ्याच्या नावावर आहे असं समजा.

मोबाइल नंबर हा भाड्याचा गाळा आहे. भाडं थकलं की मालक कुलूप लावतो आणि पुढे दुसऱ्याला देतो. ईमेलसारखी आयुष्यभर लागणारी गोष्ट त्याच एका आधारावर ठेवणं हेच सगळ्या तक्रारींचं मूळ आहे. बाकीची कारणं त्याच्या फांद्या.

नंबर चालू आहे, पण कोडच येत नाही

हा सोपा प्रकार, झटपट उरकू. पॅकची मुदत बघा. रिचार्ज संपला की आधी आउटगोइंग जातं, मग काही दिवसांनी इनकमिंग आणि एसएमएसही. कीपॅडचा फोन असेल तर मेसेजचा डबा भरलाय का बघा. अँड्रॉइडवर मेसेज ॲपमधला 'स्पॅम आणि ब्लॉक' हा कप्पा उघडा, कोड तिथं जाऊन बसलेला सापडतो. डीएनडी (जाहिरातींचे कॉल-मेसेज अडवायची सोय) लावल्यामुळे ओटीपी अडत नाही, तो संशय सोडून द्या. नुकतंच सिम बदललं असेल तर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आहे. तेव्हा दुकानदाराशी भांडू नका, एक दिवस थांबा.

पुन्हा पुन्हा 'कोड पाठवा' दाबू नका. शेवटचाच कोड चालतो. आधीचे तीन उशिरा एकदम आले की माणूस चुकीचा टाकतो, आणि मग गूगल काही काळ दारच लावून घेतं. एसएमएसऐवजी फोन कॉलवर कोड ऐकायचा पर्याय दिसला तर तो घ्या.

कणकुंबी, जांबोटीच्या पट्ट्यात आणि भीमगडच्या जंगलाकडे रेंजच नसते, तिथं वाय-फाय कॉलिंग हा खरा उपाय. घरात ब्रॉडबँड असेल आणि फोनमध्ये ही सोय असेल तर सिमच्या सेटिंगमध्ये ती चालू करा. टॉवर नसतानाही कॉल लागतो आणि कॉलवरचा कोड ऐकता येतो. एवढं करूनही एखाद्या दिवशी ओटीपी येतच नाहीत, कारण वाटेत बरीच यंत्रणा आहे. ८ मार्च २०२१ ला कंपन्यांच्या एसएमएसचे ठरलेले साचे (टेम्प्लेट) तपासायची नवी पद्धत लागू झाली आणि देशभरातले बँकांचे, आधारचे ओटीपी अडकले. शेवटी ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला, ती तपासणी आठवडाभर थांबवावी लागली. त्यात तुमच्या फोनचा दोष काहीच नव्हता.

नंबर गेला, पण कुठल्या तरी फोनवर जीमेल अजून उघडं आहे

हे ज्यांचं झालंय ते नशीबवान, पण त्यांनाच नशिबाची जाणीव नसते. घरातला जुना फोन, काच फुटलेला, आईकडे दिलेला, त्यात तुमचं खातं अजून लॉगिन असेल तर तोच फोन आता सोन्याचा. तो रीसेट करू नका, एक्स्चेंजला देऊ नका, पोरांना खेळायला देऊ नका. अँड्रॉइड फोन रीसेट करून चालू केला की तो आधीच्याच गूगल खात्याचा पासवर्ड मागू शकतो. म्हणजे ईमेलबरोबर फोनही हातचा जातो.

त्या फोनवर सेटिंग, मग गूगल, मग खातं व्यवस्थापित करा, मग सिक्युरिटी, असं जा. पासवर्ड आठवत असेल तर थेट रिकव्हरी फोन बदलता येईल. आठवत नसेल तर 'दुसरा मार्ग वापरा' दाबून बघा. अनेकदा त्या फोनचं स्क्रीन लॉक, म्हणजे पॅटर्न किंवा बोटाचा ठसा, ओळख म्हणून चालतं आणि नवा पासवर्ड ठेवता येतो. आत शिरलात की त्याच बैठकीत कामं क्रमाने उरका. आधी नवा रिकव्हरी नंबर. मग रिकव्हरी ईमेल. मग टू-स्टेपमधला जुना नंबर काढून टाकणं. मग बॅकअप कोड छापून घेणं. उद्यावर टाकलेलं काम उद्या होत नाही, हे मी दुकानात बसून बघतोच आहे.

रिकव्हरी ईमेलबद्दल एक सावधगिरी. इकडे हमखास काय होतं, तर मुलाच्या जीमेलला रिकव्हरी म्हणून बापाचं जीमेल असतं, बापाच्या जीमेलला मुलाचं, आणि दोन्हीला तोच एक बंद पडलेला नंबर. मग एका दाराची किल्ली दुसऱ्या दाराआड आणि दुसऱ्याची पहिल्याआड. निदान एक पत्ता असा ठेवा, ज्याची वाट त्या नंबरवरून जात नाही.

नंबर गेला आणि लॉगिनही कुठंच नाही

पहिला प्रयत्न नंबर परत मिळवण्याचा. सिम हरवलं असेल आणि नावावर तुम्हीच असाल तर डुप्लिकेट मिळतं. सिम महाराष्ट्र सर्कलचं असेल तर बेळगावच्या दुकानात नाही म्हणू शकतात. आधी कस्टमर केअरला विचारून मगच गाडीला पेट्रोल घाला. रिचार्ज नसल्याने बंद झालं असेल तर किती दिवस झाले ते महत्त्वाचं. ट्रायच्या २०१३ च्या नियमाप्रमाणे ९० दिवस वापर नसेल तर प्रीपेड नंबर रद्द करता येतो, आणि तेव्हा खात्यात २० रुपये असतील तर ते कापून ३० दिवसांची मुदतवाढ मिळते. रद्द झाल्यावरही किमान ९० दिवस तो नंबर दुसऱ्या कुणाला देत नाहीत. त्या काळात कंपनीच्या दुकानात जाऊन विचारण्यात अर्थ आहे. कधी कधी तो परत मिळतो.

तो गेलाच असेल तर गूगलच्या अकाउंट रिकव्हरीच्या पानावरून प्रयत्न करायचा. इथं गूगल तुमची ओळख बाकीच्या खुणांवरून ताडतं, आणि त्या खुणा तुमच्या हातात आहेत. ज्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर पूर्वी लॉगिन करत होता त्यावरूनच करा. ज्या घरी, ज्या वाय-फायवर करत होता तिथूनच करा. बेळगावच्या वडगावात राहताना उघडलेलं खातं पुण्याच्या हॉस्टेलमधून, मित्राच्या लॅपटॉपवर मिळवायला जाल तर गूगलला तुम्हीच चोर वाटाल. शेवटचा आठवणारा पासवर्ड विचारतात तिथं 'माहीत नाही' टाकू नका, जुना का असेना, आठवेल तो टाका. पटकन निकाल लागेल असं नाही. गूगल काही तास किंवा काही दिवस थांबायला सांगू शकतं. तेवढ्यात पुन्हा पुन्हा नव्याने सुरुवात करू नका.

आणि हे ठळकपणे सांगतो. फुकटच्या जीमेलसाठी गूगलचा फोनवर बोलणारा कस्टमर केअर नाही. 'जीमेल हेल्पलाइन' म्हणून शोधल्यावर जो नंबर मिळतो तो भामट्याचा असतो. अमुक रुपयांत खातं परत मिळवून देतो म्हणणारा आपल्याच गल्लीतला असला तरी त्याच्याकडे कसलीही जादू नाही. जे पान तुम्ही उघडणार तेच तो उघडतो.

जुना नंबर आता दुसऱ्याकडे आहे

हा सगळ्यात वाईट प्रकार, आणि लोक यालाच सगळ्यात कमी घाबरतात. तुमचा नंबर सहा-आठ महिन्यांनी हुबळीच्या नाहीतर रायचूरच्या कुणाला मिळतो. तो माणूस सज्जन असेल. पण त्याने 'ईमेल विसरलो' म्हणून सहज काही दाबलं, किंवा पासवर्ड बदलायचा कोड मागवला, तर तो त्याच्याच हातात पडतो. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या दोन मोठ्या कंपन्यांकडे पुन्हा विक्रीला आलेले २५९ नंबर तपासले. त्यातले १७१ नंबर जुन्या मालकांच्या कुठल्या ना कुठल्या खात्याशी अजून जोडलेले निघाले. आपल्याकडे प्रीपेड सिम ज्या वेगाने बदलतात ते बघता चित्र याहून बरं असेल असं मला वाटत नाही.

त्या माणसाला फोन करून "दादा, एक कोड आलाय बघा, सांगा की" असं गोड बोलणारे मी पाहिलेत. समोरचा हुशार असेल तर सांगत नाही, आणि बरोबर करतो. अनोळखी माणसाने ओटीपी विचारला तर द्यायचा नाही, हेच आपण घरोघरी सांगत असतो. तेव्हा हा मार्ग सोडा, वरचा रिकव्हरीचा मार्ग धरा. आत शिरलात की पहिलं काम तो नंबर तिन्ही जागांवरून काढण्याचं. मग बँक, आधार, भविष्य निर्वाह निधी, गॅस, जिथं जिथं तो असेल तिथं बदला. आधारमधला मोबाइल नंबर बदलायला आधार केंद्रावर जावं लागू शकतं.

काही न करता अचानक नेटवर्क गेलं तर

टॉवर ठीक आहे, शेजाऱ्याचा फोन लागतोय, आणि तुमच्याच फोनवर 'नो सर्व्हिस' आलंय तर हसण्यावारी नेऊ नका. कुणीतरी तुमच्या आधारच्या झेरॉक्सवर तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलेलं असू शकतं. त्या सिमवर एसएमएस सुरू झाले की तुमचे सगळे कोड त्याच्याकडे जायला लागतात. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवण्याचा नियम यासाठीच आहे. त्या एका दिवसात तुम्ही कंपनीच्या दुकानात पोचलात तर डाव उलटतो. १ जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस नंबर पोर्टही करता येत नाही. तुम्ही न मागता पोर्टिंगचा कोड आला असेल तर तीही धोक्याची घंटा समजा. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा. पोलीस ठाणं कुठलं, हद्द कुणाची, हा घोळ नंतर घालता येईल.

कॉल फॉरवर्डिंगचाही असाच गैरवापर होतो. "कुरिअरवाला बोलतोय, हा नंबर डायल करा" असं सांगून स्टार चारशे एकने सुरू होणारा आकडा लावायला सांगायचे. तो लावला की तुमचे कॉल दुसरीकडे वळतात आणि कॉलवर येणारा कोडही त्याच्याच कानात. हे इतकं वाढलं की १५ एप्रिल २०२४ पासून अशा आकड्यांनी कॉल वळवायची सोयच बंद करायला दूरसंचार खात्याने सांगितलं. तरी फोनच्या कॉल सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग बंद आहे ना ते बघून ठेवा.

मोठ्यामोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. ट्विटरचा तेव्हाचा प्रमुख जॅक डॉर्सी याचं स्वतःचं ट्विटर खातं २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याचा नंबर पळवून वापरलं गेलं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाचं खातं याच वाटेने हातचं गेलं आणि बिटकॉइनची खोटी बातमी जगभर पसरली. त्याशिवाय मोबाइल कंपन्या आपसात ज्या जुन्या एसएस-सेव्हन यंत्रणेवर बोलतात तिच्यातूनही एसएमएस वाटेत उचलता येतात. २०१७ मध्ये जर्मनीत असंच करून बँक खाती रिकामी केली. पण तो धोका तुम्हाआम्हाला सहसा नाही. त्याला पैसा आणि ओळखी लागतात. आपल्याकडचा चोर सरळ फोन करून कोड विचारतो.

आणि आपण तो देतो, कारण आपल्याला सवय आहे. घरात एकच नंबर, तो बाबांकडे, बाबा टेम्पो घेऊन हुबळीला. पोरगी दुकानातून फोन लावते, "बाबा, कोड आला काय? सांगा की लवकर." बाबा गाडी बाजूला घेऊन आकडे वाचून दाखवतात. दिवसाआड हेच. मग एखाद्या दुपारी पोरीच्या कॉलेजातून बोलतोय असं सांगणाऱ्यालाही ते तसेच वाचून दाखवतात. माणूस भोळा म्हणून फसला असं आपण म्हणतो. त्याला आपणच तसं शिकवलेलं असतं.

मग कोड कशावर घ्यायचा

एसएमएस कोड अगदीच कुचकामी आहे असं नाही. गूगलने २०१९ मध्ये स्वतःचे आकडे दिले होते. रिकव्हरी फोनवरच्या एसएमएस कोडने आपोआप चालणारे सगळे हल्ले अडले, घाऊक फसवणुकीचे ९६ टक्के अडले, पण एकाच माणसाला हेरून केलेल्या हल्ल्यांतले ७६ टक्केच अडले. फोनच्या पडद्यावर 'तुम्हीच आहात का' असं विचारणाऱ्या सूचनेने तेच प्रमाण ९० टक्क्यांवर गेलं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने तर २०१७ मध्येच एसएमएसला 'मर्यादित' म्हणजे जपून वापरायच्या गटात टाकलंय. तेव्हा काहीच नसण्यापेक्षा एसएमएस बरा, पण एकट्या त्याच्यावर भिस्त नको.

पहिला पर्याय ऑथेंटिकेटर ॲप. ते तुमच्या फोनमध्येच दर ३० सेकंदांनी सहा आकडी कोड तयार करतं. त्याला ना रेंज लागते, ना इंटरनेट, ना रिचार्ज. कणकुंबीच्या रानात, सियाचीनच्या वाटेवर, सिम काढलेल्या फोनवरही ते चालतं. कोड वेळेवरून काढला जातो, म्हणून फोनचं घड्याळ पुढेमागे असेल तर तो चुकतो. तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' ठेवली की ही अडचण मिटते. फोन हरवला तर ॲपही हरवतं, तेव्हा पुढचं वाचा.

बॅकअप कोड. गूगल आठ आकडी दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून किंवा वहीत उतरवून घरातल्या त्या फाइलमध्ये ठेवा, जिच्यात रेशनकार्ड, शेताचा उतारा आणि पोरांचे दाखले असतात. ती फाइल कुणी हरवत नाही. फोटो काढून त्याच खात्याच्या गूगल फोटोजमध्ये ठेवू नका, खातं बंद झाल्यावर तो फोटो दिसणार कसा? नवा संच काढला की जुना रद्द होतो, एवढं लक्षात ठेवा. सगळ्या पर्यायांत मी याला वरचा क्रमांक देतो, कारण आपल्याकडे कागद फोनपेक्षा जास्त टिकतो.

पासकी हा तिसरा. बोटाच्या ठशाने किंवा स्क्रीन लॉकने लॉगिन, कोडच नाही, म्हणजे फोनवर वाचून दाखवायलाही काही नाही. २०२३ पासून गूगल खात्यांत आहे. नवा फोन वापरणाऱ्यांनी बिनधास्त लावा. ऑक्टोबर २०२५ मध्ये गूगलने विश्वासातल्या माणसांना रिकव्हरी संपर्क म्हणून नोंदवायची सोयही जाहीर केली. तुमच्या खात्यात दिसत असेल तर बहिणीला किंवा मित्राला घाला, फक्त तो माणूस स्वतःचं खातं सांभाळणारा हवा.

हे लावूनही एक मेख उरते. ऑथेंटिकेटर लावलं, पण टू-स्टेपच्या यादीत एसएमएसही तसाच ठेवला, तर चोर 'दुसरा मार्ग वापरा' दाबून एसएमएसच मागणार. दाराला नवं कुलूप लावून खिडकी उघडी ठेवण्यात अर्थ नाही. ज्यांच्याकडे ऑथेंटिकेटर आणि छापलेले बॅकअप कोड दोन्ही आहेत, त्यांनी टू-स्टेपमधून नंबर काढून टाकावा. ज्यांच्याकडे यातलं एक जरी नसेल, त्यांनी काढू नये. घाईत नंबर काढून स्वतःलाच बाहेर कोंडलेले लोकही येतात. रिकव्हरी फोन म्हणून मात्र एक चालू नंबर ठेवा, तुमच्याच नावावरचा. आता फक्त कॉल-एसएमएसचे, डेटा नसलेले पॅकही कंपन्यांना द्यावे लागतात. घरात वाय-फाय असेल तर दुसरं सिम जिवंत ठेवायला ते बरे.

दुकानात काढून घेतलेल्या ईमेलबद्दल

शिष्यवृत्ती, पासपोर्ट, भरती, कशासाठी तरी घाईत सायबरमध्ये ईमेल काढलेला असतो. नंबर दुकानदाराचा, पासवर्ड त्याच्या वहीत, आणि मालक तुम्ही फक्त नावापुरते. फॉर्म भरणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, त्यांनाही रांग संपवायची असते. पण एकाच नंबरवर खूप खाती झाली की गूगल तो नंबर पुढे घेत नाही, दुकान बंद होतं, नाहीतर तो मुलगाच नोकरी धरून गोव्याला जातो. असा ईमेल असेल तर तो चालू आहे तोवरच त्या दुकानात जा, दुकानदाराच्या समोर बसून कोड घ्या, आणि नंबर, पासवर्ड, रिकव्हरी ईमेल तिन्ही स्वतःचे करून घ्या. मग सिक्युरिटीच्या पानावर 'तुमची डिव्हाइसेस' उघडून दुकानाचा कॉम्प्युटर साइन आउट करा. वापरात नसलेला ईमेल म्हणून दुर्लक्ष करत असाल तर दोन वर्षं न उघडलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं, हेही माहीत असू द्या. त्यात तुमचं हॉल तिकीट असेल.

आता उलटी बाजू. नवं सिम घेतलंत आणि त्यावर भलत्याच माणसाच्या बँकेचे, ईमेलचे कोड यायला लागले, तर ते कोड कुणाला सांगू नका, वापरूनही बघू नका. बँकेचे मेसेज असतील तर त्या बँकेला कळवा की हा नंबर आता त्यांच्या ग्राहकाचा नाही. आणि या नंबरवर नवं जीमेल काढताना 'हा नंबर खूप वेळा वापरला गेलाय' असं आलं तर फोन बिघडला असं समजू नका. तुमच्या आधी तो दुसऱ्याचा होता, एवढंच. घरातला दुसरा नंबर टाकून खातं काढा आणि त्याच दिवशी बॅकअप कोड छापून घ्या.